कॉम्प्रेसरचा श्वास लयीत कसा बसवायचा? पखवाज, टाळ आणि आवाज

खर्जातला

नमस्कार मंडळी,

कार्तिकी एकादशीच्या जागराला आमच्या गावच्या देवळात भजन रेकॉर्ड केलं. मुख्य गायक, पखवाज, पेटी आणि मागे आठ टाळकरी. माझ्याकडे चार इनपुटचा साधा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) आहे. एक माइक गायकासमोर, एक पखवाजाला, एक पेटीला, आणि चौथा सभामंडपाच्या खांबाला उंचावर बांधलेला, सगळ्यांचं एकत्र घेणारा. त्यातला अकरा मिनिटांचा एक अभंग गेले तीन आठवडे मिक्स करतोय.

सुरुवातीला सगळीकडे शिकवतात तेच केलं. कॉम्प्रेसर लावले, म्हणजे मोठा आवाज आपोआप खाली दाबणारं यंत्र. आवाजाला ३:१ रेशो (मर्यादेवरचा आवाज किती पटीने आवळायचा ते), पाचसहा डीबीचा (डेसिबलचा) दाब, पखवाजाला ४:१, शेवटी सगळ्यावर मिळून थोडा. मीटर शहाण्यासारखे हलत होते, एकही शब्द हरवत नव्हता. आणि तरी ते आमच्या देवळातलं भजन वाटत नव्हतं. त्या रात्री मंडपात बसल्यावर छातीत जे होत होतं ते कुठे गेलं, हेच कळेना.

मग एका रात्री खांबावरच्या त्या चौथ्या माइकवर कॉम्प्रेसर टाकला आणि मुद्दाम अति केलं. रेशो १०:१. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो ती, इतका खाली, की पखवाजाची थाप पडली की १५ डीबी दाब यावा. अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद. आणि फक्त रिलीजची, म्हणजे दाब सुटायच्या वेळाची, कळ फिरवत ऐकत राहिलो. रिलीज फार लांब होता तेव्हा मंडप एकदा खाली गेला तो वर आलाच नाही. फार आखूड केला तेव्हा सगळं थरथरायला लागलं. ३०० मिलिसेकंदांच्या आसपास मात्र थाप पडायची, मंडप दबायचा, आणि मग टाळांचा झणत्कार आणि दगडी भिंतींचा घुमारा हळूहळू वर चढत पुढच्या थापेच्या तोंडाशी येऊन भरायचा. मंडप श्वास घेतोय असं वाटलं. तो ट्रॅक मूळ आवाजांच्या खाली बारीक मिसळला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला ती रात्र ऐकू आली.

तेव्हापासून कॉम्प्रेसर ही लगाम घालायची वस्तू वाटेनाशी झाली आहे. तोही एक टाळकरी आहे. त्याला लयीत वाजवायला शिकवावं लागतं.

अडचण इथेच आहे. हा अभंग सुरू होतो मिनिटाला साधारण ७६ मात्रांवर. ६०००० भागिले ७६, म्हणजे मात्रा ७८९ मिलिसेकंदांची. शेवटच्या गजराला लय १०४ वर जाते, म्हणजे मात्रा ५७७ ची. सुरुवातीला सुरेख बसलेला श्वास गजरात मागे पडतो. मंडप पुरता वर यायच्या आधीच पुढची थाप येते. क्लिकवर, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीवर, वाजवलेल्या गाण्यात रिलीज एकदा बसवला की झालं. आपल्याकडे लय चढते, आणि चढायलाच हवी. तुम्ही काय करता?

आणि एकूणच, कॉम्प्रेसर आवाज सांभाळायला नाही तर आवाज घडवायला कुणी वापरत असेल, तर सविस्तर लिहा.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: बायपास करून, म्हणजे कॉम्प्रेसर बंद करून, तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी केली होती का? मेकअप गेन (दाबल्यावर पातळी परत वाढवणारी कळ) दोन डीबी जरी जास्त राहिला तरी कानाला तेच चांगलं वाटतं. मी महिनाभर असाच फसलो होतो.

खर्जातला

हो, पातळी मिळवूनच ऐकलं. हे सांगितलंत ते बरं झालं, नव्यांनी पहिलं हेच लक्षात ठेवावं.

डावा डग्गा

मी तबला वाजवतो आणि गेली काही वर्षं घरीच स्वतःचं रेकॉर्डिंग मिक्स करतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

तुम्ही रिलीजबद्दल लिहिलंत. माझ्यासाठी अटॅक आधी येतो. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' बोटाचा आघात म्हणून ऐकू येतो तो पहिल्या काही मिलिसेकंदांत. अटॅक १ मिलिसेकंद ठेवलात तर तुम्ही बोटच कापता, मागे फक्त पुडीचा सूर उरतो. अटॅक २५-३० केला तर बोट जसंच्या तसं निसटतं आणि त्याच्या मागचं शरीर दबतं. तबला पुढे येऊन बसल्यासारखा वाटतो. कळ तीच, पण एका टोकाला वादक पाच फूट मागे सरकतो आणि दुसऱ्या टोकाला मांडीला मांडी लावून बसतो. लग्गी वाजत असताना मला तो जवळ हवा असतो. गायक सुरात थांबलेला असताना नुसता ठेका चालू असेल तर मागे. म्हणून एकाच गाण्यात मी दोन वेगळे अटॅक वापरतो, तुकडे करून.

डग्ग्यावर एक वेगळा प्रयोग सांगतो. माझ्या डग्ग्याचा मूळ सूर ९० हर्ट्झच्या आसपास येतो. मोबाईलच्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीच. इक्वलायझरने कितीही वाढवा, जो स्पीकर तो सूर काढूच शकत नाही त्याला काय देणार? मग मी डग्ग्याची एक प्रत काढली आणि तिच्यावर अटॅक १ आणि रिलीज २० मिलिसेकंद असा कॉम्प्रेसर चढवला. ९० हर्ट्झचं एक आवर्तन ११ मिलिसेकंदांचं असतं. एवढा आखूड रिलीज ठेवला की कॉम्प्रेसर आवाजाच्या पातळीमागे न जाता प्रत्येक लहरीच्याच मागे धावतो आणि लहरीचा आकारच बदलतो. तांत्रिक भाषेत हे डिस्टॉर्शन. त्यातून २७०, ४५० हर्ट्झला नवे स्वरांश तयार होतात, आणि ते मोबाईलला काढता येतात. कान त्या वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर स्वतःच भरून घेतो. ही प्रत मूळ डग्ग्याखाली थोडीशीच मिसळायची. माझ्या बहिणीने बसमध्ये फोनवर ऐकून 'आज डग्गा ऐकू आला' असा निरोप पाठवला, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

घिस्सा असेल तिथे मात्र जपून. तळव्याने सूर चढवत नेतो त्या मींडेत हा कॉम्प्रेसर गुरगुरतो. मला ते काही ठिकाणी आवडतं, माझ्या गुरुजींना अजिबात आवडत नाही.

फेडर

सुरेख धागा. डावा डग्गा यांच्या अटॅकच्या मुद्द्याला जोडून: कळेवरचं नाव सारखं असलं तरी प्रत्येक यंत्रात त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि जुन्या यंत्रांच्या नकला आज प्लगइन (सॉफ्टवेअरमधली यंत्रं) म्हणून सगळेच वापरतात, म्हणून हे माहीत हवं.

बिल पुटनम यांचं ११७६ हे कॉम्प्रेसरचं यंत्र घ्या, १९६७ सालचं. त्याचा अटॅक २० मायक्रोसेकंद ते ८०० मायक्रोसेकंद. म्हणजे सर्वांत संथ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत. शिवाय कळ उलटी आहे: आकडा वाढवला की अटॅक वेगवान होतो. एका मित्राने ढोलकीवर ११७६ ची नक्कल लावून अटॅक ७ वर ठेवला होता. त्याची समजूत, की सर्वांत संथ ठेवलाय. ढोलकीची थाप मेली म्हणून तो माइकला दोष देत होता. त्यावर थ्रेशोल्डची कळही नाही, इनपुट वाढवाल तसा दाब वाढतो. आणि ४, ८, १२, २० ही रेशोची चारही बटणं एकदम दाबली की ते यंत्र स्वतःच्याच हिशेबाबाहेर जाऊन चिरडायला लागतं. बनवणाऱ्यांनी त्यासाठी ती बटणं दिली नव्हती. इंजिनिअरांनी दाबून पाहिली आणि आवाज आवडला. खांबावरच्या माइकला हे एकदा करून बघा.

टेलिट्रॉनिक्सचं एलए-२ए अगदी दुसऱ्या स्वभावाचं. जिम लॉरेन्स यांनी ६० च्या दशकात बनवलेलं. आत एक प्रकाश देणारी पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक. आवाज वाढला की पट्टी उजळते, रोध बदलतो, पातळी खाली येते. अटॅक सुमारे १० मिलिसेकंद. रिलीज दोन टप्प्यांत: अर्धा दाब ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला सुटायला काही सेकंद लागू शकतात. किती वेळ आणि किती जोराने दाबलं होतं यावर ते अवलंबून. त्या घटकाला जणू आठवण असते. खर्जातला, तुमच्या चढत्या लयीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. ज्याचा रिलीज संगीत बघून स्वतः बदलतो असा कॉम्प्रेसर घ्या. एसएसएल या मिक्सिंग डेस्कवाल्यांच्या बस कॉम्प्रेसरवर (एकत्र केलेल्या सगळ्या ट्रॅकवर बसणाऱ्या) रिलीजला 'ऑटो' अशी जागा आहे ती याचसाठी. ०.१, ०.३, ०.६, १.२ सेकंद हे ठरीव आकडे, आणि शेवटी ऑटो. भजनाच्या एकत्रित बसवर मी नेहमी ऑटोच ठेवतो.

आता मंडपाच्या श्वासाबद्दल. १९६६ साली लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत इंजिनिअर जेफ एमरिक यांनी बीटल्सच्या ड्रम्सवर फेअरचाइल्ड ६६० हा व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर असाच जोरात चढवला होता. झांज वाजल्यावर विरायच्या ऐवजी चढत जाते, कारण दाब सुटत असतो. तुमच्या टाळांचं तेच होतंय.

त्याहून थेट उदाहरण १९८० च्या पीटर गॅब्रिएल यांच्या तिसऱ्या अल्बमचं. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतल्या एसएसएल डेस्कला एक 'लिसन माइक' होता. आत बसलेले वादक काय बोलतायत ते बाहेर इंजिनिअरला ऐकू यावं, एवढंच त्याचं काम. कुणी जवळून ओरडलं काय किंवा कोपऱ्यातून पुटपुटलं काय, सगळं सारखं ऐकू यायला हवं म्हणून त्यावर अतिशय कडक कॉम्प्रेसर बसवलेला. इंजिनिअर ह्यू पॅजम यांनी तो उघडा ठेवला असताना फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते. खोलीचा आवाज अक्राळविक्राळ होऊन बाहेर आला. तो माइक रेकॉर्डिंगला जोडलेलाच नव्हता, म्हणून तारा नव्याने जोडाव्या लागल्या. मग त्यावर गेट (ठराविक पातळीखाली आवाज बंद करणारं यंत्र) टाकून शेपूट झटक्यात कापली आणि ८० च्या दशकाचा ड्रमचा आवाज जन्माला आला. बोलणं ऐकायच्या कॉम्प्रेसरमधून!

शुद्धमध्यम

धागा आवडला, पण विरोधात लिहिते आहे, राग मानू नका.

मी ख्याल गाते. विलंबितात षड्जावर येताना आवाज हळूहळू विरत जातो, ते विरणं आम्ही वर्षानुवर्षं घोटतो. पुकार कुठे द्यायची आणि कुठे आवाज चोरायचा हा गायकीचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओत माझी एक बंदिश रेकॉर्ड झाली. हातात आली तेव्हा माझा चोरलेला आवाज आणि माझी पुकार एकाच उंचीवर होते. त्याहून वाईट म्हणजे तानपुरा! मी तार सप्तकात गेले की तानपुरा बुडायचा, मी थांबले की उसळून वर यायचा. संपूर्ण मिक्सवर एकच कॉम्प्रेसर होता, असं नंतर कळलं. तानपुरा हा आमचा जमिनीसारखा आधार. तो हलला की सगळंच हलतं. मी ते रेकॉर्डिंग आजही कुणाला ऐकवत नाही.

भजनात मंडप श्वास घेतो हे समजू शकते. ख्यालात यंत्राने श्वास घ्यायची गरज नाही, तो माणूस घेतो.

खर्जातला

शुद्धमध्यम ताई, राग कसला, हे लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला. ख्यालाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे मी कॉम्प्रेसर न लावता फेडर (पातळीची सरकती कळ) हाताने चालवतो, एकेक ओळ ऐकत. वेळ लागतो, पण निदान प्रत्येक निर्णय ऐकून घेतलेला असतो.

तानपुऱ्याचं जे झालं ते का झालं, हे इतरांसाठी सांगतो. एकत्रित मिक्सवर कॉम्प्रेसर बसला की जो सर्वांत मोठा तोच त्याला चालवतो. आवाज मोठा झाला, दाब सगळ्यांवर आला, तानपुराही त्यात दबला. तंत्र म्हणून माझ्या खांबावरच्या माइकवर हेच होतंय. तिथे थाप मालक आहे आणि टाळ तिच्या मागे हलतात. तिथे ते हवं म्हणून मुद्दाम केलं. तुमच्याकडे नको असताना झालं आणि कुणी ऐकलं नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून नमस्कार. मी हौसेने डान्स म्युझिक करतो आणि इथल्या ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंगही करतो, म्हणून दोन्ही टोकांचं सांगतो.

साइडचेनचं सगळं शास्त्र आमच्या बाजूला हाऊस संगीतात उघड्यावर मांडलेलं आहे. कॉम्प्रेसर बसतो एका ट्रॅकवर, पण त्याला चालवतो दुसरा. किक ड्रम पडला की कीबोर्ड, बास सगळं खाली. किक गेला की परत वर. फ्रेंच हाऊसमध्ये हे इतकं ठळक आहे की ते पंपिंग हीच गाण्याची लय होऊन बसते. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने त्यासाठी वापरलेला अलेसिस ३६३० हा अगदी स्वस्तातला कॉम्प्रेसर होता, हे मला नेहमी धीर देतं.

तुमच्या भजनात खांबावरच्या माइकच्या कॉम्प्रेसरला पखवाजाच्या माइकने चालवा. आत्ता तो स्वतःच्याच ट्रॅकमधली थाप ऐकून दबतोय. पण त्याच ट्रॅकमध्ये आठ टाळ आहेत, ते जोरात आले की तेही त्याला दाबतात आणि श्वास अडखळतो. पखवाजाच्या स्वच्छ ट्रॅकने चालवलात तर लय कितीही चढो, दबणं अचूक थापेवरच येईल.

ढोल-ताशाचा अनुभव: पथकाच्या मधोमध एक स्वस्त डायनॅमिक माइक, मोनो, त्यावर २०:१. एकटा ऐकला तर असह्य. स्टिरिओ माइकांच्या खाली थोडा मिसळला की टोल्याचं वजन येतं. हा एक ट्रॅक बंद केला की पथक रस्त्याच्या पलीकडे गेल्यासारखं वाटतं.

फेडर

एडिसनकर, साइडचेनने दाब कधी *सुरू* होतो ते लयीत येईल, पण तो कधी *सुटतो* ते तरीही रिलीजच ठरवतो. १०४ मात्रांवर थापा जवळ आल्या की तोच प्रश्न उरतो. म्हणून रिलीजला ऑटोमेशन, म्हणजे गाण्याबरोबर आपोआप फिरणारी कळ, लागेलच. सरळ रेष ओढून पाहा, सुरुवातीला ३००, गजराला २२०. लय ज्या प्रमाणात आखडली त्याच प्रमाणात.

आणि एक लक्षात असू द्या: रिलीजचा आकडा म्हणजे दाब पूर्ण सुटायला लागणारा वेळ नव्हे. कुणी तो ठराविक डीबी सुटायला लागणारा वेळ म्हणून छापतो, कुणी साधारण दोनतृतीयांश सुटण्याचा. मात्रेचा भागाकार सुरुवातीपुरता, शेवट कानानेच.

नवखी

मी नुकतीच सुरुवात केली आहे. हेडफोन आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, बस. तुम्ही सगळे 'दाब ऐकू येतो' म्हणता, मला तो ऐकूच येत नाही! मीटर हलताना दिसतो फक्त. काय करू?

डावा डग्गा

नवखी ताई, हे सगळ्यांचंच होतं. चार डीबीचा दाब ऐकू यायला कान तयार व्हावा लागतो. त्यासाठी आधी अतिरेक करा. ठेक्याचं एक आवर्तन घ्या आणि सतत फिरत ठेवा. रीपरमधला रीआकॉम्प हा कॉम्प्रेसरच पुरे. रेशो २०, थ्रेशोल्ड इतका खाली की दाब २० डीबीच्या आसपास यावा. आता अटॅक शून्यापासून हळूहळू वाढवा आणि फक्त बोटाच्या आघाताकडे लक्ष द्या. एका जागी तो 'उघडतो', ते ऐकू येईलच. तिथे थांबा. मग रिलीज लांबून आखूड करत आणा आणि दोन बोलांच्या मधल्या जागेकडे लक्ष द्या. ती जागा लयीत झुलायला लागली की थांबा. शेवटी रेशो ३ वर आणा आणि थ्रेशोल्ड वर घ्या. झुलणं बारीक होईल पण राहील, आणि आता ते तुम्हाला ऐकू येईल, कारण कुठे बघायचं ते कळलेलं असेल.

रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. मीटरवर कागद चिकटवा.

रात्रपाळी

समांतर मिसळणाऱ्यांसाठी एक तांत्रिक इशारा. प्रत काढून दुसऱ्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावता तेव्हा दोन्ही ट्रॅक एकाच क्षणी वाजतायत ना ते तपासा. काही प्लगइन पुढचं पाहून दाबतात, म्हणजे आवाज थोडा उशिराने देतात. बहुतेक सॉफ्टवेअर हा उशीर आपोआप भरून काढतं, पण आवाज बाहेरच्या यंत्रातून फिरवून आणलात तर तो हाताने मोजावा लागतो. एखाद्या मिलिसेकंदाचाही फरक पडला तरी पखवाज पोकळ होतो, आणि माणूस कॉम्प्रेसरला दोष देत बसतो. शक्य असेल तर कॉम्प्रेसरच्या आतच ओला-सुका (दाबलेला आणि मूळ आवाज) मिसळायची सोय वापरा.

टाळकरी

मी दर वर्षी पायी वारीला जातो आणि भजनात टाळ वाजवतो. मिक्सिंग मला येत नाही, पण ऐकणारा म्हणून सांगतो. भजनाच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एक तक्रार असते: टाळांत अभंगाचे शब्द बुडतात. तुम्ही टाळ थापेमागे वर चढवताय, ऐकायला गोड असेल. पण तुकोबांची ओळ आली की टाळांनी वाट दिली पाहिजे. प्रत्यक्षात आम्ही देतोही. महाराज चरण सुरू करतात तेव्हा हात हलका करतो, धृपदाला सगळे मिळून उचलतो. तुमच्या यंत्राला हे शिकवता येतं का?

एडिसनकर

टाळकरी, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. येतं! त्याच मंडपाच्या ट्रॅकवर दुसरा कॉम्प्रेसर लावायचा आणि त्याला गायकाच्या माइकने चालवायचं. फक्त पूर्ण पट्टी दाबायची नाही. व्यंजनं जिथे ऐकू येतात आणि टाळही जिथे झोंबतात, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ, तेवढाच भाग. दोनतीन डीबी, रिलीज लांब, अर्ध्या सेकंदाच्या पुढे, म्हणजे शब्दाशब्दाला हिसके बसणार नाहीत. गायक गप्प झाला आणि धृपद सगळ्यांनी उचललं की टाळ आपोआप मोकळे.

खर्जातला, गायकाच्या माइकमध्ये टाळ किती गळतायत? फार असतील तर टाळच टाळांना दाबतील. कॉम्प्रेसरला ऐकू जाणाऱ्या आवाजातून वरचा भाग गाळा, तो दाब गळ्यावरूनच ठरवेल, टाळांवरून नाही.

शुद्धमध्यम

टाळकरी यांचं वाचून मी एक करून पाहिलं, ते प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या विद्यार्थिनीच्या ठुमरीचं घरचं रेकॉर्डिंग होतं. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर आवाजाने चालणारा कॉम्प्रेसर तिने लावला. जेमतेम दीड डीबी, अटॅक २०० मिलिसेकंद, रिलीज २ सेकंद. ती गायला लागते तेव्हा तानपुरा अदबीने मागे होतो आणि तिची ओळ संपल्यावर जागा भरतो. हलतोय असं वाटत नाही. ठुमरीत मला हे चाललं.

ख्यालात अजूनही नको. आलापात गायक तानपुऱ्याशी सूर लावत असतो. तो ज्या क्षणी सुराला भिडतो त्याच क्षणी तानपुरा मागे घेणं चूक आहे, मग अर्धा डीबी का असेना.

खर्जातला

मंडळी, आठवडाभराने लिहितोय. सगळ्यांचं ऐकून मिक्स पुन्हा पहिल्यापासून केला.

खांबावरच्या माइकचा पहिला कॉम्प्रेसर आता पखवाजाच्या माइकवर चालतो. एक गोष्ट इथे सापडली: पखवाजाच्या ट्रॅकमधून कॉम्प्रेसरला फक्त १५० हर्ट्झच्या खालचा भाग ऐकवला. आमच्याकडे धुम्याला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) कणीक लावतात, तिचा तो भरदार 'धा' तेवढाच त्याला चालवतो. शाईकडचे बारीक बोल त्याला दिसतच नाहीत. आधी प्रत्येक 'तिट'ला मंडप दचकायचा, आता नाही. रिलीज ३०० वरून २२० पर्यंत ऑटोमेशनने उतरवला. सरळ रेष नाही बसली. लय तिसऱ्या चरणानंतर एकदम चढते, तिथे रेषेला वळण दिलं. चारही बटणांचा प्रयोगही केला, फक्त शेवटच्या गजरासाठी ठेवलाय. तिथे तो आवाज फाटतो आणि तिथे तो फाटायलाच हवा.

दुसरा कॉम्प्रेसर गायकाच्या माइकने चालतो. गळती होती, वरचं गाळल्यावर सुधारलं. गायकाच्या आवाजावर एलए-२ए ची नक्कल, तीन डीबीच्या वर नाही, आणि त्याआधी प्रत्येक चरण फेडरने हाताने बसवला. शुद्धमध्यम ताईंचा आक्षेप इथे कामी आला. आधी चुकत होतं ते असं, की महाराज शेवटचा शब्द हळू सोडतात आणि कॉम्प्रेसर तोच उचलून आणत होता.

काल मंडळाला ऐकवलं. पखवाजवाले अण्णा सत्तरीचे आहेत. डोळे मिटून पूर्ण अकरा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "थाप मारल्यावर टाळ मागं का जातात? पोरांनी त्या दिवशी असं वाजवलं नव्हतं." खांबावरचा ट्रॅक मूळ आवाजांच्या १० डीबी खाली होता, तरी त्यांना ऐकू आलं. मी बंद करून दाखवला, पुन्हा चालू केला. तीनदा. मग म्हणाले, "ठेव. पण निम्मं कर."

निम्मं केलंय. १५ डीबीचा दाब आता ७ आहे.

टाळकरी

अण्णांना नमस्कार सांगा. फाइल कुठे ऐकायला मिळेल?

खर्जातला

मंडळाची परवानगी घेतोय. महाराजांचं एवढंच म्हणणं आहे की तिसऱ्या चरणात पेटी एका ठिकाणी बेसूर आहे, तेवढं झाका. ते कॉम्प्रेसरने होणार नाही. पुढच्या एकादशीला तोच अभंग परत घ्यायचं ठरलंय, आणि यंदा दुसरा माइक गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी लावणार आहे.

डावा डग्गा

उंबऱ्याशी लावाल तर आधी टाळी वाजवून ऐका. आमच्याकडच्या देवळात गाभाऱ्याची एक जागा नेमकी पखवाजाच्या सुराला घुमते. तिथे कॉम्प्रेसर चढवला की तो एकच सूर वर येत राहतो, बाकी काही नाही. एखाद हात बाजूला सरकवलात तरी फरक पडतो.